सेनापतिपदाची शिडी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले की विषय बहुधा आहाराचा, बालसंगोपनाचा किंवा संतवाङ्मयाचा असतो. यंदा चिटणीसबाईंनी ‘सैन्यातील वरची पदे आणि स्त्रिया’ हा विषय सुचविला, तेव्हा काही जणींनी नाके मुरडली असे माझ्या कानांवर आले आहे. हळदीकुंकू करणाऱ्या मंडळात तोफाबंदुकांची चर्चा कशाला, असा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढे बोलण्याचा मला अधिकार नाही.

उत्तर आपल्या गावातच आहे. भाईंदरच्या पश्चिमेला चौकजवळ धारावीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि खाडीपलीकडे वसईचा कोट उभा आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांच्या फौजेने तो घेतला. पण इतके मागे जायचेही कारण नाही. मीरा रोडच्या रहिवाशांना ऑगस्ट २०१८ चा तो आठवडा विसरता येणार नाही. त्या महिन्याच्या ७ तारखेला काश्मीरमधील गुरेझ विभागात घुसखोरांशी लढताना मेजर कौस्तुभ राणे यांना वीरमरण आले. त्यांना अखेरचा निरोप द्यायला मीरा रोडचे रस्ते माणसांनी भरून गेले होते. त्यानंतरची हकीकत मात्र तितक्या जणींना ठाऊक नसेल. त्यांच्या पत्नी कनिका राणे यांनी चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत प्रवेश मिळविला, तेथील खडतर शिक्षण पुरे केले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये लेफ्टनंट म्हणून त्या सेनेत दाखल झाल्या. घरात लहान मूल असताना हे त्यांनी केले.

याआधी साताऱ्याकडेही असेच घडले होते. कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्याला धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी चेन्नईचेच शिक्षण घेतले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या अधिकारी झाल्या. वीरपत्नींना वयाची सवलत मिळते. परंतु एकदा मैदानावर उतरल्यावर धावणे, ओझे वाहणे, रात्र रात्र चालणे कोणालाही चुकत नाही.

या दोघींची नावे घेताना आपला ऊर भरून येतो, आणि तो यावाच. पण आजच्या विषयासाठी मला तेथून एक पाऊल पुढे जायचे आहे. आपल्या इतिहासात स्त्रीच्या हाती तलवार केव्हा आली, हे जरा आठवून पाहा. मार्च १७०० मध्ये छत्रपती राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले, तेव्हा ताराराणी पंचविशीच्या होत्या. हंबीरराव मोहित्यांची ही कन्या. लहानग्या मुलाला गादीवर बसवून तिने सात वर्षे औरंगजेबाशी झुंज चालविली आणि १७०७ साली बादशहाच दक्षिणेत मरण पावला. तिच्या कारभाराची आणि हिमतीची कबुली खाफीखानासारख्या मोगल पक्षाच्या इतिहासकारालाही द्यावी लागली. पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई. गंगाधररावांच्या मागे राज्य गेले, दत्तक नामंजूर झाला, आणि जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ लढता लढता तिने देह ठेवला.

या सर्व कथांत एक धागा समान आहे. कर्ता पुरुष पडला, जागा रिकामी झाली, तेव्हा स्त्री पुढे आली. आपल्या समाजाने स्त्रीच्या शौर्याला कधी नाकारले नाही. उलट त्याची पूजा केली, पोवाडे रचले, चौकाचौकांत पुतळे उभारले. परंतु हे शौर्य संकटकाळापुरतेच मानले. राणी गेली की तिच्या मागची वाट बुजून गेली. ताराराणीनंतर मराठ्यांच्या फौजेत स्त्री-सरदारांची परंपरा सुरू झाली नाही. १९४३ साली नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी सिंगापूरला आझाद हिंद सेनेत ‘झाशीची राणी’ पलटण उभी केली आणि तिची धुरा कॅप्टन लक्ष्मी स्वामीनाथन यांच्याकडे दिली. तो प्रयोग मोठा होता, पण महायुद्धाबरोबर तीही पलटण विसर्जित झाली.

म्हणून आज जी चर्चा चालली आहे तिचा खरा प्रश्न ‘स्त्री शूर असते का’ हा नव्हे. त्याचा निकाल तीनशे वर्षांपूर्वीच लागला आहे. कोणी पडल्यावाचून, कोणाची जागा रिकामी झाल्यावाचून, एखादी मुलगी तिच्या भावाप्रमाणे पायरी पायरी चढत सेनापतिपदापर्यंत जाऊ शकते का, हा खरा प्रश्न आहे.

येथे सैन्याची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. सेनापतिपद हे निवडणुकीने किंवा वारसाने मिळत नाही. एखाद्या कारखान्यावर बाहेरून मॅनेजर आणून बसवावा तसा सेनापती आणताही येत नाही. लेफ्टनंटपासून सुरुवात करायची, कर्नल होऊन आठशे-हजार माणसांच्या पलटणीची जबाबदारी वाहायची, ती नीट पार पडली तर ब्रिगेडियर, मग मेजर जनरल, मग लेफ्टनंट जनरल. प्रत्येक पायरीवर निवड होते आणि प्रत्येक पायरीवर कित्येक जण मागे राहतात. या चढणीला पस्तीस ते चाळीस वर्षे लागतात. माळ्यावरचा डबा काढायला आपण शिडी लावतो. त्या शिडीच्या मधल्या दोन पायऱ्या कोणी काढून घेतल्या आणि मग ‘हिचा हातच पोचत नाही’ असे म्हटले, तर दोष हाताचा की शिडीचा?

आपल्याकडे या पायऱ्या कशा नव्हत्या, ते ऐका. १९५० च्या सेना कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे, सरकार ज्या शाखांना खास परवानगी देईल त्या सोडून, स्त्रियांना सेनेत प्रवेशच नाही. परिचारिका आणि डॉक्टर यांच्याखेरीज इतर कामांसाठी स्त्री-अधिकारी घेण्यास १९९२ साली सुरुवात झाली. तीही पाच वर्षांच्या करारावर. पुढे मुदत वाढत वाढत चौदा वर्षे झाली. आता यातली ग्यानबाची मेख पाहा. अधिकाऱ्याच्या निवृत्तिवेतनाला वीस वर्षे नोकरी लागते. म्हणजे विशीत भरती झालेली मुलगी ऐन पस्तिशी-छत्तिशीत, पेन्शनवाचून, घरी परतायची. आणि पलटणीची जबाबदारी तर साधारण पंधरा-सोळा वर्षांच्या नोकरीनंतर मिळते! ती वेळ येण्यापूर्वीच तिला निरोपाचा नारळ दिलेला असे.

या स्त्रिया न्यायालयात गेल्या. २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याची अंमलबजावणी होईना, सरकार अपिलात गेले, आणि दहा वर्षांनी, १७ फेब्रुवारी २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांनी अखेरचा निर्णय दिला. बबिता पुनिया यांच्या नावाने हा खटला ओळखला जातो. ज्या शाखांत स्त्रिया काम करतात तेथे त्यांना कायम नेमणूक द्यावी आणि हुकूमत चालविण्याच्या जागांसाठी त्यांचा विचार व्हावा, असे न्यायालयाने सांगितले.

त्या खटल्यात सरकारच्या बाजूने जे म्हणणे मांडले गेले, ते आपण बायकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. जवान बहुतेक खेड्यापाड्यांतून आलेले असतात, त्यांची मनोवृत्ती अद्याप स्त्री-अधिकाऱ्याचा हुकूम मानण्याइतकी तयार नाही, असा एक मुद्दा होता. बाळंतपण, मुले आणि घरची जबाबदारी हा दुसरा मुद्दा होता. न्यायालयाने या विचारसरणीला स्त्रीविषयीच्या जुन्या ठोकळेबाज समजुती म्हटले आणि स्त्रियांनी प्रत्यक्ष केलेल्या कामगिरीची यादीच निकालपत्रात दिली. त्या यादीत लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांचे नाव होते. मार्च २०१६ मध्ये पुण्याला औंधच्या लष्करी ठाण्यात अठरा राष्ट्रांच्या तुकड्यांचा संयुक्त सराव झाला, त्यात भारतीय तुकडीचे नेतृत्व त्यांनी केले होते. अठरा तुकडीप्रमुखांत त्या एकट्या स्त्री होत्या. पुढे मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’ची माहिती देशाला देण्यासाठी कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह या दोघी समोर आल्या, तेव्हा घराघरांतून लोकांनी त्यांना पाहिले. खेड्यातल्या माणसाविषयी मला एवढेच म्हणायचे आहे की, हुकूम करणारी आई, आजी आणि सासू त्याने घरी पाहिलेली असते. बाईचे ऐकण्याची सवय त्याला नाही, असे म्हणणे म्हणजे त्याच्या घराचा अपमान आहे.

शिडी पुरी असली तर काय होते, याचा पुरावा कोठे दूर शोधायला नको. तो पुण्यातच आहे. सैन्याच्या वैद्यकीय शाखेत स्त्री-डॉक्टरांना १९५८ पासून कायम नेमणूक मिळू लागली, म्हणजे इतर शाखांच्या कितीतरी आधी. परिणाम पाहा. परिचर्या सेवेतील गर्ट्रूड अ‍ॅलिस राम १९७६ साली मेजर जनरल झाल्या. पुनीता अरोरा २००४ साली देशातील पहिल्या स्त्री लेफ्टनंट जनरल झाल्या. त्या पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी आणि पुढे त्याच महाविद्यालयाच्या प्रमुख. त्याच महाविद्यालयात शिकलेल्या आणि तेथेच अधिष्ठाता झालेल्या डॉ. माधुरी कानिटकर फेब्रुवारी २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या, आणि २०२१ मध्ये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. त्यांचे यजमान राजीव कानिटकर हेही लेफ्टनंट जनरल. पतिपत्नी दोघेही या हुद्द्यावर पोचल्याचे देशातील ते पहिलेच उदाहरण. ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हाइस अ‍ॅडमिरल आरती सरीन तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झाल्या. त्या पदावर याआधी स्त्री बसली नव्हती. या स्त्रियांना कोणी ओवाळणी घातली नाही. पायऱ्या होत्या, त्या त्यांनी चढल्या.

आता दुसरी बाजू. ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०२४ च्या अखेरीस एका ज्येष्ठ सेनाधिकाऱ्याने वरिष्ठांस लिहिलेले पत्र वर्तमानपत्रांतून गाजले. आपल्या हाताखालील आठ स्त्री-प्रमुखांच्या कामाविषयी त्यांचे मत प्रतिकूल होते. तक्रारी करण्याची सवय, हाताखालच्या माणसांना सांभाळून न घेणे, थोड्या यशाचा मोठा गाजावाजा, असे दोष त्यांनी दाखविले. यावर एका पक्षाने ‘पाहा, आम्ही सांगत नव्हतो?’ म्हटले आणि दुसऱ्या पक्षाने पत्र लिहिणाऱ्यावरच तोंडसुख घेतले. मला दोन्ही रीती पसंत नाहीत.

दोष असतील तर ते ऐकून घेतले पाहिजेत. हुकूमत हे सन्मानाचे पद नाही. शेकडो माणसांच्या जिवाची जोखीम त्यात आहे, आणि तेथे स्त्री म्हणून दयामाया मागणे हा जवानांवर अन्याय होईल. परंतु आठ जणींवरून साऱ्या स्त्रीजातीचा निवाडा करता येतो का? आठ पुरुष-प्रमुख अपुरे ठरले, तर पुरुषांना पलटणी देऊ नयेत असे आपण म्हणतो का? शिवाय त्या कोणत्या वाटेने आल्या ते पाहा. त्यांच्या नोकरीची पहिली चौदा वर्षे ‘ही तर जायचीच आहे’ याच समजुतीत गेली. पलटण सांभाळण्याच्या दृष्टीने त्यांना कोणी तयार केले नाही. त्यांच्या कामाचे गोपनीय अहवालही निष्काळजीपणे लिहिले गेले, ही गोष्ट २५ मार्च २०२१ च्या दुसऱ्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने नमूद केली आहे. त्याच निकालात आणखी एक मासलेवाईक प्रकार उघडकीस आला. पुरुषाच्या कायम नेमणुकीसाठी त्याच्या नोकरीच्या आरंभीच्या वर्षांतली प्रकृती पाहिली जात असे, आणि या स्त्रियांना मात्र चाळिशी-पंचेचाळिशीत तीच कसोटी लावली गेली! नियम दिसायला एकच, पण भार एकीकडेच. पंधरा वर्षे जिला पोळपाटाला हात लावू दिला नाही, तिची पहिली पोळी वातड झाली म्हणून ती सुगरण नाही असे ठरविण्यासारखेच हे झाले.

शारीरिक बळाचा प्रश्न राहतो. येथे माझे मत स्पष्ट आहे. ज्या कामाला जेवढे बळ लागते तेवढ्याची कसोटी ठेवावी आणि ती सर्वांना एकच असावी. जी उतरेल ती घ्यावी, न उतरेल तिला हसतमुखाने घरी पाठवावे. पण कसोटीला बसूच द्यायचे नाही, हा न्याय नव्हे. हवाई दलाने मार्च २०२३ मध्ये शालिझा धामी यांच्याकडे क्षेपणास्त्र तुकडीची सूत्रे दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस नौदलाने आपल्या युद्धनौकेवर पहिली स्त्री-कप्तान नेमली. तिचे नाव ऐकून आपल्याला विशेष आनंद होईल. आपल्या मुंबईत शिकलेल्या प्रेरणा देवस्थळी यांच्याकडे ‘त्रिंकट’ नौकेची जबाबदारी आली. समुद्र काही कप्तान बाई आहे म्हणून शांत राहत नाही.

परदेशांतही हा वाद संपलेला नाही. कॅनडाने १९८९ साली लढाऊ शाखा स्त्रियांना खुल्या केल्या आणि २०२४ साली जेनी कॅरिन्यान या तेथील सर्व सेनादलांच्या प्रमुख झाल्या. दरवाजा उघडल्यापासून शिखर गाठेपर्यंत पस्तीस वर्षे गेली, आणि त्या स्वतः लढाऊ इंजिनियरांची पलटण सांभाळून वर आलेल्या आहेत. स्लोव्हेनियाच्या सेनेचे प्रमुखपद २०१८ मध्ये अलेंका एर्मेंच यांना मिळाले. अमेरिकेत २०२३ साली लिसा फ्रँकेटी नौदलप्रमुख झाल्या, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये, मुदत संपण्यापूर्वीच, त्यांना पदावरून दूर करण्यात आले. यावरून बोध एवढाच की, वरून दिलेले एखादे पद वरूनच काढूनही घेता येते. खालपासून वरपर्यंत शेकडो स्त्रिया पायरीपायरीवर उभ्या असल्या, म्हणजे ती रीत मोडणे कोणालाही सोपे जात नाही.

आपली ती खालची पायरी आता तयार होत आहे. १८ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलींना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेस बसू देण्याचा आदेश दिला. २०२२ मध्ये खडकवासल्याला १९ मुलींची पहिली तुकडी दाखल झाली, आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतील १७ जणी तीनशेहून अधिक मुलांच्या बरोबरीने संचलन करीत बाहेर पडल्या. माझ्या मते आपल्या इतिहासातला हा एक वेगळाच दिवस आहे. या सतरा जणी कोणाच्या रिकाम्या जागेवर आलेल्या नाहीत. बारावीची परीक्षा दिली, निवड झाली, तीन वर्षे घाम गाळला, आणि त्या आल्या. शिडी मात्र अजून पुरी झालेली नाही. नियमित सेनेचे पायदळ आणि रणगाडा दल स्त्री-अधिकाऱ्यांना खुले नाही, आणि सेनेची सर्वांत वरची माणसे बहुतेक लढाऊ शाखांतूनच निवडली जातात. हा विचार राष्ट्राने पुढे करायचाच आहे.

पण मैत्रिणींनो, शिडीची पहिली पायरी दिल्लीत नाही, खडकवासल्यालाही नाही. ती आपल्या उंबरठ्यावर आहे. परीक्षेचा अर्ज भरायचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस. या वयात आपल्या घरी मुलीविषयी काय बोलणे चालते? विरार लोकलच्या गर्दीत रोज लोंबकळत कॉलेजला जाणाऱ्या मुलीला ‘तुला झेपेल का’ असे आपणच विचारतो! मुलगा म्हणाला, ‘सैन्यात जातो’, तर काळजी वाटते, पण छाती फुगते. मुलगी म्हणाली, तर आधी तिच्या लग्नाचे काय हा प्रश्न येतो, आणि तो विचारणाऱ्या बहुधा आपणच असतो. न्यायालयाने ज्यांना जुन्या समजुती म्हटले त्यांतल्या अर्ध्या आपल्या माजघरात जन्मल्या आहेत. त्या तेथेच मोडल्या पाहिजेत.

भीती खोटी नाही. मीरा रोडने ती फार जवळून पाहिली आहे. मी कोणा आईला ‘घाबरू नका’ असे सांगणार नाही. एवढेच म्हणेन की, जी भीती मुलासाठी गिळता, तीच मुलीसाठी गिळता येते का ते पाहा.

आपल्या मंडळाला मी तीन सूचना करते. पहिली, दर वर्षी दहावी-बारावीच्या मुली आणि त्यांच्या आया यांची एक बैठक घेऊन या परीक्षेची माहिती द्यावी. ही परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि नौदल किंवा हवाई दल हवे असेल तर बारावीला गणित व भौतिकशास्त्र घ्यावेच लागते, हे पुष्कळ घरांना अकरावीचा प्रवेश झाल्यावर कळते. दुसरी, पुण्याजवळ कासार आंबोली येथे मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई सैनिकी शाळा आहे, सातारच्या सैनिक शाळेची दारेही आता मुलींना उघडली आहेत. ही माहिती मंडळाच्या फलकावर कायमची लावावी. तिसरी सूचना सासवांसाठी आहे. नोकरीनिमित्त सून बदलीच्या गावी राहिली आणि मुलगा घरी राहिला, तरी त्या घराला नावे ठेवू नयेत. कानिटकर दांपत्यासारखी घरे अशाच समजूतदारपणावर उभी राहतात.

खडकवासल्याहून २०२५ मध्ये बाहेर पडलेल्या त्या सतरा जणींपैकी कोणी सेनापती व्हायची असेल, तर ते २०६० नंतर. आपल्यापैकी कित्येक जणी तेव्हा नसू. पण त्या वेळी जी वर पोचेल तिच्या मागून येणारी मुलगी आज कदाचित आपल्या बालवाडीत बसली आहे. तिच्यासाठी पुतळा उभारायची घाई नको. तिची शिडी तेवढी धरून ठेवा.